तिसरं पिंप

आता कागद येणार म्हणे.
बांजुलहून आलेली मुलगी शाळेच्या फळ्यावर
चौकोन काढते, चौकोनात फुली,
घडी अशी घाला, शाई आत राहिली पाहिजे.
आम्ही बत्तीस जण, गुडघे बाकांत मावत नाहीत,
वहीत तिचा चौकोन उतरवून घेतो.
माझा तिरका आला.

सत्तावीस वर्षं मी फक्त ऐकलंय.
अन्सुमाना जाब्बी, केंद्र चार, नदीचा उत्तर काठ,
खुर्ची पडद्यापासून सहा पावलांवर.
माणूस बोटाला शाई लावून घेई,
माझ्या हातून एक काचेची गोटी घेई,
पडद्याआड पिंपांपाशी जाई.
गोटी नळीतून घरंगळे, आतल्या घंटेवर आपटे:
टण्.
तळाशी लाकडाचा भुसा, पडल्यावर तिनं गप्प राहावं म्हणून.
एका माणसाचा एक टण्.
दोन झाले तर मी उठायचं.
एकही झाला नाही, तरी उठायचं.
गोटी खिशात घालून निघालेली पोरं
मी कानांनी पकडलीत.

त्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी.
घंटी वाजली तर कुणाचं मत धरायचं?
बुबा सोन्कोनं एकदा घंटीला फडकं बांधून
सायकल ढकलत आणली, मासे नासतील म्हणाला.
आम्ही दोघंही हसलो.
पण फडकं मी सोडून पाहिलंच.

मुलगी म्हणते, उमेदवार वाढत चाललेत,
इतकी पिंपं होडीतून नेणार कशी?
बरोबर आहे तिचं.
लॉरी रुतली त्या साली एक पिंप डोक्यावर घेऊन
मी दोन कोस चाललोय. मान अजून दुखते.

मागच्या बाकावरून कुंबा सान्यांग विचारते
(दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बोलावलं नव्हतं तरी आलेली):
मी हातानं मोजत जायचे, पहिलं, दुसरं,
कागदावर काय चाचपू?
मुलगी तिला भोकं पाडलेला पुठ्ठा देते.
कुंबा त्यावरून बोट फिरवते, एकदा, परत एकदा.
बरं. पण मत पडलं हे कळणार कसं?
आवाज कुठाय?

मुलगी गप्प.
मी बोलू शकलो असतो.
आवाज होता, हाच तर घोळ होता.

पहिल्या पिंपाची घंटा जाड, खालच्या सुरातली.
दुसरीची किणकिण.
तिसरीला तडा गेलेला,
टण् नव्हे, टक्.
लोहाराला कळलं नसेल, मला दुसऱ्याच निवडणुकीत कळलं.
दुपार टळेपर्यंत सगळं गाव
माझ्या कानांत येऊन बसायचं, आपापल्या जागी.

एका साली मुखियाचा माणूस
माझ्या ओट्यावर चहा उकळत बसला,
तिसरा कप होईस्तोवर काही बोलला नाही.
मग म्हणाला, तुझे कान तिखट आहेत म्हणतात.
मी म्हटलं, धुळीनं दडे बसलेत.
त्यानं कप आपटला. मी दचकलो नाही.
पुढचे सात आठवडे मी घरातही बहिरा होतो.
न्यिमानं तीनदा हाक मारली तरी वळलो नाही,
भात करपला.

न्यिमा. माझी बायको.
पहिलं पिंप, सगळ्या अंगणाचं पहिलं पिंप,
असं मोठ्यानं सांगत आलेली.
पडद्याआड गेली, बराच वेळ काहीच नाही,
आणि मग
टक्.
मी वहीत रेघ ओढली, एक,
आणि पुढच्या माणसाला गोटी दिली.
या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली.

आज रात्री ती शेंगा बाजूला सारून
सरावाच्या कागदावर फुली मारते,
माझ्याकडे पाठ करून. घडी घालते,
नखानं दाबते.
बघ, बाहेरून दिसतंय का.
मी कागद कंदिलाला लावून धरतो.
नाही दिसत.
ती घडी माझ्या हातातून काढून घेते,
पुन्हा शेंगा फोडायला लागते.
आणि ऐकूही येत नाही, म्हणते,
शेंगांकडेच बघत.